चेन ओढली की चार दिवसांत पुन्हा सैल: कारण शोधायचं कसं

पावसाळा सुरू झाला की मोटरसायकलवाल्यांचा हा प्रश्न ठरलेला असतो. "गॅरेजमधून चेन ओढून आणली, आठवडा झाला नाही तर पुन्हा खडखड." किंवा "पुण्यातून निघताना चेन बरोबर होती, मालवणला पोहोचेपर्यंत लोंबायला लागली." त्यावर सल्लेही लगेच मिळतात. कोणी स्प्रे मारायला सांगतं, कोणी गिअर ऑइल, कोणी एक कडी काढून घ्यायला, तर कोणी सरळ चेन आणि तिची दोन्ही दातेरी चाकं (स्प्रॉकेट) असं पूर्ण किट बदलायला. हे सगळे सल्ले कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडलेले असतात, म्हणूनच माणसं ते खात्रीने देतात. पण समोरच्या गाडीची चेन कशामुळे सैल होतेय, हे कोणी पाहिलेलं नसतं.

माझं म्हणणं असं की चेन एकदा ओढल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा ओढायची वेळ आली, तर पाना हातात घेण्याआधी मोजमाप घ्यावं. नुसती ओढत राहिलात तर खरं कारण झाकलं जातं. गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग, ऑइल सील, मागच्या चाकाची बेअरिंग्ज हे सगळं चेनपेक्षा महाग आहे आणि जास्त ताणलेली चेन ते सगळं खाते. चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटवर गोळा झाली तर इंजिनचं केसिंग फुटू शकतं, मागचं चाक जाम होऊ शकतं. घाटात उतारावर हे झालं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

नवी चेन असेल तर थोडं थांबा

चेन-स्प्रॉकेट किट नुकतंच बदललं असेल, तर पहिल्या ५०० ते १००० किलोमीटरमध्ये चेन एक-दोनदा सैल होणं साहजिक आहे. नव्या पिना आणि बुश (पिनेभोवतीची नळी) एकमेकांत बसतात, त्यात थोडी लांबी वाढते. तेव्हा एकदा नीट ओढून घ्या, पुढे ती बराच काळ स्थिर राहिली पाहिजे. नवं किट टाकून दोन-तीन हजार किलोमीटर झाले आणि तरीही दर आठवड्याला ओढावी लागत असेल, तर मात्र ते साहजिक नाही. पुढचं सगळं त्या गाड्यांसाठी आहे.

आवाज कुठला आहे ते आधी ओळखा

गॅरेजमध्ये "चेन वाजतेय" एवढंच सांगितलं की मेकॅनिक चेन ओढून देतो. त्याच्याकडे दहा गाड्या उभ्या असतात, त्यालाही दोष देता येत नाही. पण चेनच्या बाजूने येणारे आवाज निरनिराळे असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

गाडी हळू चालवताना, विशेषतः खड्ड्यातून किंवा स्पीड ब्रेकरवरून जाताना खड्-खड् करून काहीतरी आपटतं, ती खरोखर सैल चेन. स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा लांब दांडा) किंवा चेनकव्हरला ती लागते. स्विंगआर्मवर पुढच्या बाजूला रबराची किंवा प्लॅस्टिकची पट्टी असते, ती खोल कापली गेली असेल तर हा प्रकार बऱ्याच दिवसांपासून चालू आहे.

ॲक्सिलरेटर सोडला आणि पुन्हा दिला की प्रत्येक वेळी मागून 'ठक्' असा झटका बसत असेल, तर चेनपेक्षा हब रबरवर (मागच्या चाकातले झटका झेलणारे रबर) संशय घ्या. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त फसवणारा आवाज हाच.

ठरावीक अंतराने टक्... टक्... येत असेल आणि वेग वाढला की तो जवळ-जवळ येत असेल, तर एखादी कडी जाम झालेली आहे. चाक उचलून हाताने सावकाश फिरवा. खालच्या बाजूने पुढच्या स्प्रॉकेटवरून सुटून येणाऱ्या कड्यांकडे बघा. जाम कडी सरळ होत नाही, वाकडीच राहते आणि चेनमध्ये कोपरा दिसतो.

सतत घरघर, वेगाबरोबर वाढणारी शिटीसारखी कुरकुर असेल, तर चेन सैल नसून घट्ट आहे किंवा पूर्ण कोरडी आहे. ही चेन अजून ओढली तर नुकसानच होईल.

मोजमाप: दोन आकडे हवेत

पहिला आकडा म्हणजे स्लॅक. खालच्या बाजूची चेन दोन्ही स्प्रॉकेटच्या साधारण मध्यावर बोटाने खाली दाबा, मग वर उचला. या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे स्लॅक. तुमच्या गाडीला ते किती हवं, ते मॅन्युअलमध्ये असतं आणि बऱ्याच गाड्यांच्या स्विंगआर्मवर स्टिकरही असतो. रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास लागतं. ज्यांचं सस्पेन्शन लांब आहे अशा ॲडव्हेंचर गाड्यांना त्याहून जास्त. गाडी मेन स्टँडवर मोजायची की साइड स्टँडवर, हेही मॅन्युअल सांगतं आणि त्याने आकडा बदलतो. त्यामुळे मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. पूर्ण झाकलेलं चेनकव्हर असेल तर त्याला खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं, ते काढलं की आत बोट घालून स्लॅक बघता येतो.

हे एका जागी मोजून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवत पाच-सहा ठिकाणी मोजा. जवळजवळ सगळ्या जुन्या चेन एका ठिकाणी घट्ट आणि दुसऱ्या ठिकाणी सैल असतात, कारण सगळ्या कड्या सारख्या झिजत नाहीत. फरक चार-पाच मिलिमीटरचा असेल तर चालतं. एका ठिकाणी १५ आणि दुसऱ्या ठिकाणी ४० येत असेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं. मेकॅनिकने घट्ट जागी बघितली तर बाकी चेन लोंबणार, सैल जागी बघून ओढली तर घट्ट जागा शाफ्टला ताणणार. ही चेन संपलेली आहे, ती कितीही वेळा ओढली तरी बरोबर बसणार नाही. बदलेपर्यंत दिवस काढायचे असतील तर नेहमी सगळ्यात घट्ट जागी स्लॅक लावा.

दुसरा आकडा लांबीचा. चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या लांबत नाहीत. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात किंचित फट वाढते आणि त्या सगळ्या फटींची बेरीज म्हणजे वाढलेली लांबी. समजा चेनला ११० कड्या आहेत आणि प्रत्येक सांधा फक्त ०.१ मिलिमीटर झिजला, तरी पूर्ण चेन ११ मिलिमीटर लांब होते. म्हणूनच नुसत्या डोळ्यांना चेन चांगली दिसते आणि तरी ती गेलेली असते.

मोजायला स्टीलची पट्टी किंवा चांगला टेप पुरतो. चेनवर नंबर कोरलेला असतो. ४२८ म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत १२.७ मिलिमीटर. ५२० म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. चेनचा एक भाग ताणून धरा, एका पिनेच्या मध्यापासून सुरुवात करा आणि पुढची विसावी पिन धरा, म्हणजे पहिली धरून एकूण २१ पिना. नवी ४२८ असेल तर हे अंतर २५४ मिलिमीटर भरतं, नवी ५२० असेल तर ३१७.५. मॅन्युअलमध्ये शेवटची मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर मी दोन टक्के ही हद्द मानतो: ४२८ साठी २५९ आणि ५२० साठी ३२४ च्या आसपास. दीड टक्का झाला की पैसे बाजूला काढून ठेवा आणि लांबचा प्रवास त्या चेनवर करू नका. हेही दोन-तीन ठिकाणी मोजायचं.

सोपी चाचणी हवी असेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला, जिथे चेन दात्यांवर पूर्ण बसलेली असते, तिथे चेन चिमटीत धरून मागे ओढा. दात्याचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा दिसला तर चेन किंवा स्प्रॉकेट, बहुधा दोन्ही, झिजलेली आहेत.

कडी काढून घेण्याबद्दल

ॲडजस्टर (चाक मागे सरकवून चेन घट्ट करायचा बोल्ट) शेवटच्या खुणेपर्यंत आला की रस्त्यावरचे काही मेकॅनिक एक कडी-जोड काढून चेन आखूड करून देतात. चाक पुढे येतं, ॲडजस्टरला जागा मिळते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण झिजलेले सांधे तसेच राहतात. स्प्रॉकेटच्या दात्यांमधलं अंतर बदललेलं नसतं आणि कड्यांमधलं वाढलेलं असतं, त्यामुळे चेन दात्यावर वर चढून बसते आणि दाते एका बाजूने खाते. काही दिवसांत दाते समुद्राच्या लाटेसारखे एका बाजूला वाकलेले दिसायला लागतात. चढावर जोर दिला की अशी चेन दाता सोडून उडी मारते. मी स्वतः पाटणकडून चिपळूणला उतरताना कुंभार्ली घाटात ग्रुपमधल्या एका गाडीची चेन अशीच उतरलेली पाहिली आहे. वळण संपलेलं होतं आणि मागून ट्रक येत नव्हता, म्हणून निभावलं.

त्यामुळे ॲडजस्टर संपला म्हणजे चेन संपली. आणि चेन बदलायची तर दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन टाकली तर ती लवकर जाते, आणि "नवी टाकूनही सैल होते" ही तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू झालेली असते. पुढचं स्प्रॉकेट लहान असल्याने तेच आधी झिजतं आणि कव्हरखाली असल्याने कोणी बघत नाही. किट घेताना गाडीच्या कंपनीचं किंवा नाव असलेल्या चेन कंपनीचं घ्या, पक्कं बिल मागा. दुकानात सुटे भाग जुळवून दिले जात असतील तर नको म्हणा.

चेन ठीक आहे, तरी सैल होते

मोजमाप बरोबर आलं, चेन झिजलेली नाही, तरी स्लॅक वाढतोय. तर मग चेन ओढण्याच्या कामातच काहीतरी राहिलं आहे. माझ्या पाहण्यातल्या तक्रारींमध्ये हे कारण फार वेळा निघालेलं आहे.

चाक मागे नेऊन चेन ओढतात. ॲडजस्टरचे बोल्ट फक्त चाकाला जागेवर आणतात, धरून ठेवायचं काम ॲक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) नटचं आहे. तो नट पुरेसा आवळला नाही तर प्रत्येक झटक्याला चेन चाकाला पुढे ओढते आणि चाक कणाकणाने सरकतं. मग ॲडजस्टरचा लॉकनट (ॲडजस्टर फिरू नये म्हणून लावलेला नट) सैल असेल तर तोही फिरतो. एका मित्राची ३५० सीसीची गाडी अशीच होती. निघताना एका हायवे गॅरेजवर चेन ओढली, संध्याकाळपर्यंत सैल. दुसऱ्या गॅरेजने पुन्हा ओढून दिली, पुन्हा तेच. रात्री मुक्कामावर बघितलं तर डावीकडची खूण उजवीकडच्या एक घर पुढे आणि लॉकनट हाताने फिरत होता. चेनला काहीच झालेलं नव्हतं.

म्हणून काम करताना क्रम पाळा. गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड), इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. ॲक्सलच्या नटला कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घातलेली पिन) असेल तर ती आधी काढा. नट सैल करा, काढू नका. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवा, एकदा इकडे पाव फेरा, एकदा तिकडे पाव फेरा. स्विंगआर्मवरच्या खुणा मदतीला आहेत, पण त्या अगदी अचूक असतीलच असं नाही. खात्री हवी असेल तर स्विंगआर्मच्या पिव्हट बोल्टच्या (ज्यावर स्विंगआर्म वर-खाली फिरतो) मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे टेपने मोजा. ते सारखं आलं पाहिजे. वाकडं चाक म्हणजे स्प्रॉकेटच्या दात्यांची एकच बाजू घासणं. दात्यांच्या कडेला आतून किंवा बाहेरून चकचकीत घासलेली रेघ दिसली तर चाक सरळ नाही.

नट आवळण्याआधी एक छोटी गोष्ट फार उपयोगी पडते. मागच्या स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये खालून एक जाड फडकं घडी करून धरा आणि चाक हळूच पुढे फिरवा, म्हणजे फडकं दात्यांत अडकतं आणि चेन चाकाला पुढे ओढून ॲडजस्टरवर घट्ट टेकवते. बोटं दूर ठेवा. अशा स्थितीत नट आवळला की नंतर चाक सरकायला फटच उरत नाही. मग फडकं उलट्या दिशेने काढा. नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. नायलॉनचा नट पुन्हा पुन्हा वापरून त्याची पकड गेलेली असते, तो नवा टाका, महाग नाही. सगळं झाल्यावर स्लॅक परत मोजा, कारण नट आवळताना तो बऱ्याचदा बदलतो.

मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांत याहून महत्त्वाची गोष्ट आहे. चाक मागे गेलं की ब्रेकचा रॉड आपोआप ताणला जातो. पेडल न दाबताही ब्रेक लागल्यासारखा राहतो, ड्रम तापतो, गाडी जड चालते, ॲव्हरेज पडतं, आणि माणूस कार्बोरेटर उघडून बसतो. चेन ओढली की रॉडच्या टोकाचा नट फिरवून पेडलचा फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) परत लावा आणि मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का तेही बघा. ब्रेक प्लेटला स्विंगआर्मशी जोडणारा टॉर्क आर्म चेन ओढताना सैल केला असेल, तर त्याचा नट पुन्हा आवळून कॉटर पिन घातल्याशिवाय गाडी हलवू नका. तो सुटला तर ब्रेक दाबताच पूर्ण प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं. गॅरेजमधून गाडी घेताना मी या पिनेवर हात ठेवून बघतो. तुम्हीही बघा, मेकॅनिक ओळखीचा असला तरी.

इतकं करूनही स्लॅक बदलत राहिला, तर मागचं चाक वरच्या आणि खालच्या बाजूने धरून हलवा, मग स्विंगआर्म डावी-उजवीकडे हलवून बघा. खट्-खट् लागलं तर चाकाची बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे बुश गेले आहेत. ते काम गॅरेजचं.

हब रबर

मागचं स्प्रॉकेट सरळ चाकाला आवळलेलं नसतं. मधे रबराचे तुकडे असतात, इंजिनचा झटका ते झेलतात. मेकॅनिक त्यांना हब रबर किंवा ड्रम रबर म्हणतात. वर्षानुवर्षांत हे रबर दबून कडक होतात, मग स्प्रॉकेट पुढे-मागे खेळायला लागतं. आवाज चेनच्या दिशेने येतो, झटकाही चेनमधून जाणवतो, म्हणून चेन ओढली जाते. ओढलेल्या चेनमुळे आवाज दोन दिवस दबतो आणि परत येतो.

तपासायला मिनिट लागतं. गाडी स्टँडवर घेऊन पहिला गिअर टाका, इंजिन बंदच. मागचा टायर धरून पुढे-मागे हलवा आणि स्प्रॉकेटकडे लक्ष ठेवा. स्प्रॉकेट जागेवर थांबलेलं असताना चाकच मोकळं हलत असेल, तर रबर गेले. चेन-स्प्रॉकेट किटच्या मानाने रबराचा सेट फार स्वस्त आहे. चाक काढलंच आहे तर स्प्रॉकेट कॅरिअरचं बेअरिंगही बोटाने फिरवून बघायला सांगा. घाट, खड्डे आणि दोघांचं वजन यात रोज चालणाऱ्या गाड्यांना हा खर्च दुसऱ्या किटबरोबर करून टाकावा असं मला वाटतं.

पाऊस, जांभ्याचा चिखल आणि तेल

आता मूळ झिजण्याकडे येऊ. ताम्हिणीचा पाऊस, कोकणातला लाल चिखल, दिघी-आगरदांडा किंवा दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवर उडणारं खारं पाणी, आणि किनाऱ्यावर गाडी नेण्याचा मोह. चेनला वाळूइतकं वाईट काही नाही. ओल्या तेलावर चिकटलेली बारीक वाळू दात्यांमध्ये पॉलिश पेपरचं काम करते. ओल्या वाळूत गाडी घालूच नका. घातलीच असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चेन धुवून, पुसून, तेल द्या.

ओ-रिंग किंवा एक्स-रिंगची चेन असेल तर पिन आणि बुशमधलं ग्रीस कारखान्यातच आत भरून रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं. आपण बाहेरून देतो ते तेल रोलरला, दात्यांना आणि त्या रिंगांना मऊ ठेवायला असतं, आत ते जात नाही. म्हणून रिंगा जपणं म्हणजेच चेन जपणं. पेट्रोलने धुवू नका, तारेचा ब्रश लावू नका, वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा जवळून चेनवर मारू देऊ नका. थोडं केरोसीन किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश आणि फडकं एवढं पुरतं. साध्या, रिंगा नसलेल्या चेनला मात्र आत तेल जाणं गरजेचं असतं. ती धुतल्यावर पूर्ण सुकवा आणि तेल सांध्यांत मुरू द्या.

कुठलं तेल, यावर वाद खूप होतात. माझं मत साधं आहे. शहरात आणि कोरड्या दिवसांत चेन ल्यूबचा स्प्रे सोयीचा, धूळ कमी धरतो. पावसाळ्यात ९० नंबरचं गिअर ऑइल स्वस्त आणि चांगलं, पण ते लवकर धुऊन जातं, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. जळकं इंजिन ऑइल टाकू नका, त्यात धातूचा चुरा आणि काजळी असते. नुसतं घट्ट ग्रीस वरून थापू नका, ते आत पोहोचत नाही आणि धूळ मात्र गोळा करतं. गंज सोडवायचे पातळ स्प्रे साफ करायला ठीक, चेनचं तेल म्हणून ते पुरत नाहीत.

तेल देण्याची वेळ गाडी चालवून आल्यावरची. चेन कोमट असते, तेल पसरतं, आणि रात्रभरात बसतं. निघायच्या पाच मिनिटं आधी स्प्रे मारला तर त्यातलं बरंचसं रिमवर आणि टायरवर उडतं, आणि टायरवरचं तेल पावसात जिवावर बेतू शकतं. खालच्या बाजूच्या चेनवर, आतल्या कडेने, चाक हाताने फिरवत द्या. जास्तीचं फडक्याने पुसून काढा. बहुतेक मॅन्युअल दर ५०० किलोमीटरला सफाई आणि तेल सांगतात. दिवसभर पावसात चाललेल्या गाडीला मुक्कामावर रोज द्यावं.

आणि हे कृपा करून ऐका: इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडकं धरू नका. मोबाइलवर असे व्हिडिओ खूप दिसतात. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं की तुटतंच. इंजिन बंद, चाक हाताने, दर वेळी.

सामान आणि डबल सीट

लांबच्या प्रवासाआधी "मागे वजन आहे म्हणून चेन थोडी जास्त घट्ट ठेव" असा सल्ला हमखास मिळतो. तो उलटा आहे. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा ॲक्सल जेव्हा एका सरळ रेषेत येतात, तेव्हा चेन सगळ्यात घट्ट होते. वजन पडलं, सस्पेन्शन दबलं की बहुतेक गाड्यांचं चाक त्या रेषेकडे जातं. म्हणजे रिकाम्या गाडीवर घट्ट लावलेली चेन दोघं बसल्यावर आणि खड्ड्यात गेल्यावर तारेसारखी ताणली जाते, आणि तो ताण शाफ्टवर येतो. मॅन्युअलचा आकडा लावा. मग दोघं जण सामानासह गाडीवर बसा आणि तिसऱ्याला खालची चेन बोटाने हलवून बघायला सांगा. थोडी तरी हलली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर सैल करा.

सोबत न्यायचं सामान फार नाही: ॲक्सलच्या नटला बसणारा पाना (कंपनीच्या टूलकिटमधला बऱ्याचदा तोकडा पडतो, घरी लावून बघून घ्या), ॲडजस्टरचे पाने, छोट्या बाटलीत गिअर ऑइल, जुनं फडकं, दोन कॉटर पिना, आणि आपल्याच नंबरच्या चेनचा एक जोड-लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी सुटी कडी). हा लॉक बसवताना त्याच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे आणि उघडी बाजू मागे ठेवायची. उलटी बसली तर कशालातरी अडकून निघू शकते. रिव्हेट केलेल्या (टोकं ठोकून कायमची जोडलेल्या) चेनसाठी हा घरी पोहोचेपर्यंतचाच उपाय समजा. लडाख-स्पितीला निघणाऱ्यांनी अर्धी झिजलेली चेन घेऊन जाऊच नये. ओढे ओलांडून गाडी पुढे जाते, पण मधल्या गावांत तुमच्या गाडीचं किट मिळेलच असं नाही.

हे सगळं करूनही अडलात आणि कोणाला विचारणार असाल, तर "चेन सैल होते" एवढंच लिहू नका. गाडी कुठली, एकूण किलोमीटर किती, किट कधी आणि कुठल्या कंपनीचं टाकलं, चाक फिरवून सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त स्लॅक किती आला, २१ पिनांचं माप किती भरलं, दोन्हीकडच्या ॲडजस्टरची खूण कितव्या घरावर आहे, आणि मागच्या दात्यांचा बाजूने काढलेला स्पष्ट फोटो. एवढं दिलंत तर बहुतेक वेळा गाडी न बघताही कारण सांगता येतं.